तिन्ही गावांत चौदा

५ सप्टेंबर २०१६

निवृत्त होऊन चार महिने झाले आणि या चार महिन्यांत मी सात स्वेटर विणले. घालायला माणसं तीन. आज मुलाचा फोन आला तर म्हणतो, "आई, आता मेंढ्यांनाच घाल, लोकर त्यांचीच आहे." मेला.

पण दुपारी रान्वा आली. रान्वा म्हणजे आमच्या दक्षिण बेटावरची नवी डॉक्टर. जन्मली तेव्हा तिला पहिली आंघोळ मी घातली होती, त्यामुळे माझ्यापुढे ती डॉक्टरकी मिरवत नाही. न ठोठावता आत आली, कॉफी स्वतःच ओतून घेतली आणि म्हणाली, "काम आहे. आपल्या तिन्ही गावांत घरोघरी हिंडायचं. तुमच्याशिवाय कुणाला लोक खरं सांगणार नाहीत."

देशभर मोजणी चालली आहे म्हणे. आतड्यांना कायमची सूज येते, आत जखमा होतात, रक्त पडतं, तो आजार. नाव मोठं आहे, ते मी कितीतरी कागदांवर लिहिलंय. चौतीस वर्षं गावची नर्स होते मी. रान्वा म्हणाली, आपण सगळ्या बेटांवरचे मिळून जेमतेम पन्नास हजार, पण या आजाराचं प्रमाण जगात सगळ्यात जास्त आपल्याकडे दिसतंय. घ्या! आयुष्यात एकदा कशात तरी पहिले आलो, तर ते यात.

हो म्हटलं. स्वेटर तरी थांबतील.

१२ सप्टेंबर

फॉर्म कसा भरायचा ते शिकवायला रान्वाने आधी मलाच बसवलं. आई? पोट उत्तम, खिळे पचवले असते. वडील? समुद्रात बुडाले, पोटाचा काही संबंध नाही. भावंडं?

"एक भाऊ. तुम्मास. डेन्मार्कला असतो."

"त्यांना काही?"

"त्याला काय होणार? कामाचा कंटाळा. त्याला औषध नाही."

रान्वा हसली आणि तिथे 'नाही' लिहिलं. सही माझी.

२४ सप्टेंबर

आज एल्स्पाकडे. मासळीच्या कारखान्यात तीस वर्षं मासे साफ करायला उभी राहायची. आम्ही सगळ्या तिला आखडू म्हणायचो, कारण ती कुणाकडे कॉफीला यायची नाही. विणायला जमलो की हिची खुर्ची रिकामी. आज कळलं, एकवीस वर्षांपासून आजार आहे. मधल्या काळात मीच तिला दोनदा जुलाबाच्या गोळ्या देऊन घरी पाठवलंय. तिला ते आठवतं. मला नाही.

"लोकांकडे गेलं की ताटात वाढणार," ती म्हणाली. "नको म्हटलं की बाई अपमान करते. खाल्लं की पोट अपमान करतं. मग मी घरीच बसायचे."

मी वरमले. पण निघताना तिने केक पुढे केला आणि मी तीन तुकडे खाल्ले, कारण नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

९ ऑक्टोबर

शेजारच्या गावात बिर्गरकडे. वय चौतीस, दाढी विळ्यासारखी, आवाज मात्र मऊ. पहिल्याच बोटीवरून तीन आठवड्यांत परत आला होता. "नऊ माणसं आणि एक संडास," तो म्हणाला. "कप्तान वैतागला की दारावर लाथ मारायचा. मी आत रडायचो." आता किनाऱ्यावर साल्मन माशांच्या पिंजऱ्यांवर काम करतो, औषधं चालू आहेत, बरा आहे.

छान पोरगा. नशीबवान, या काळात जन्मला. आमच्या वेळी तीन आठवड्यांत परत आला असता तर गावाने सोडला नसता. आमच्या वेळची माणसं कठीण होती. बोटी लाकडी आणि माणसं लोखंडी.

२२ ऑक्टोबर

मेंढ्या मारण्याचा आठवडा. कंबर मोडली. पण जीव कसा भरून येतो! मटणाच्या तंगड्या खांद्यावर घेऊन मी आणि हानुस वाळवणीच्या खोपीकडे चढलो. फळ्यांच्या फटींतून वारा शिरत होता, आणि तो आंबूस वास आला की मी दहा वर्षांची होते. आई दाराशी उभी, हात कोपरापर्यंत रक्ताने माखलेले, आणि ओरडतेय, "मार्यून, पुस्तक ठेव, आतडी धू!" आतड्यांत रक्त, पीठ, चरबी भरायची, मनुका घालायच्या. तसं आता कुणी करत नाही. माझी सून तर वास आला की खिडकी उघडते.

हानुस शेजारी. पहिल्या वर्गापासूनचा. पासष्टी गाठली तरी तोंड बंद नाही. तंगडी टांगता टांगता त्याने सुरू केलं:

*ग्रीनलंडचा मासा मोठा, गळ टाकती सारे,*
*आमचा तुम्मास बादलीवरती मोजत बसतो तारे!*

माझं कडवं! मी सोळा वर्षांची असताना रचलेलं. एकूण नऊ होती, पण हे पहिलं गावाच्या तोंडात बसलं ते बसलंच. १९६७ मध्ये आमचा तुम्मास मामाच्या बोटीवर ग्रीनलंडला गेला होता. अठरा वर्षांचा. पोरं सहा सहा महिने राहतात, हा तीन आठवड्यांत दुसऱ्या बोटीने परत. मामा म्हणाला, गळ सोडून दिवसभर मागे संडासाच्या बादलीवर बसलेला असायचा, कामचोर. आईने चकार शब्द काढला नाही. मला मात्र तोंड दाखवायला जागा उरली नाही, कारण मामाच्या मुलाला मी आवडत होते आणि तो मला.

मग फेब्रुवारीतल्या शनिवारी नाच होता. काय नाच असायचे ते! वाद्य नाही, काही नाही, नुसते दोनशे पाय लाकडी जमिनीवर आणि शंभर गळे. हातात हात घालून कडं धरायचं आणि फिरत राहायचं. ज्याच्यावर कडवी रचलीत त्याला कड्यातून सुटायची मुभा नाही, दोन दांडगे दोन्हीकडून मनगटं धरतात, आणि अख्खं गाणं त्याने ऐकायचं. रीतच आहे ती. हसून सोसलं की दुसऱ्या दिवशी सगळं माफ. तुम्मासला एका बाजूने हानुसने धरलं होतं. नऊच्या नऊ कडवी, आणि गावाने पहिलं पुन्हा तीनदा म्हणायला लावलं. त्या संध्याकाळइतकी टाळी मला पुढे आयुष्यात मिळाली नाही.

तुम्मासने मात्र हसून सोसलं नाही. मंगळवारच्या जहाजाने डेन्मार्कला गेला तो गेलाच. नाजूक कातडीचा. एकदाच परत आला, ८९ साली, आईच्या मातीला. देवळात दाराशी उभा राहिला आणि जेवायला न थांबता निघून गेला. आईच्या जेवणाला! ते मी त्याला कधी माफ करणार नाही.

त्या नाचाचं अजून एक आठवतं, त्याचं मला नेहमी हसू येतं. दुसऱ्या दिवशी रविवार, आणि आई ओढ्यावर धुणं धूत होती. माझी आई! रविवारी सुई हातात धरली तरी देव बघतो म्हणणारी. सगळा गाव देवळात आणि ही गुडघाभर बर्फात पँट घासतेय. मी विचारलं तर म्हणाली, "तू आत जा." म्हातारपणी चिडवायचे मी तिला यावरून.

५ नोव्हेंबर

मोजणी संपत आली. तिन्ही गावांत मिळून चौदा जण. मला चार-पाच वाटले होते. यातल्या सहा जणांना मी वर्षानुवर्षं रोज भेटत होते. रान्वा म्हणाली, देशभरात शंभरात एक तरी निघेल.

"आणि बाहेर गेलेले?" मी विचारलं. आमचे अर्धे तर डेन्मार्कलाच असतात.

"ते नाही धरायचे. आज इथे राहतात तेवढेच."

बरोबर आहे. गेले ते गेले.

एक गोष्ट मात्र टोचते. चौदाच्या चौदा जणांनी एकच वाक्य म्हटलं, थोड्याफार फरकाने. "मला वाटायचं मी एकटाच." हात पोचेल इतकी जवळ घरं आमची, कोणाकडे आज काय शिजलं ते वासावरून कळतं, आणि हे एकाचं दुसऱ्याला माहीत नाही.

१२ नोव्हेंबर

सभागृहात नाच. पोरांनी जुनी गाणी पुन्हा काढली आहेत, मला फार कौतुक. मी कड्यात होते, माझ्या एका हाताला हानुस, दुसऱ्या हाताला बिर्गर. जुनं लांबलचक युद्धाचं गाणं झालं, पाय गरम झाले, आणि हानुसने मध्येच हाळी दिली, "आता मार्यूनचं!" आणि सुरू. पोरं हसायला लागली. मीही म्हणायला लागले, खोटं कशाला बोलू. छाती फुगली होती.

बिर्गरने माझा हात सोडला आणि बाहेर गेला. मला वाटलं, त्याला जायचं असेल. थोड्या वेळाने मीही बाहेर गेले. तो भिंतीला टेकून उभा होता.

"बादलीवरचा माणूस कोण?" त्याने विचारलं.

"माझा भाऊ. जुनी गंमत आहे ती."

"त्याला रक्त पडायचं का?"

"मला काय माहीत?"

"बरोबर. कुणी विचारलंच नसेल," तो म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता गाडीत बसून निघून गेला.

मी आत गेले नाही. घरी आले. उद्धट आहे पोरगा.

१३ नोव्हेंबर, रविवार

देवळात गेले नाही.

सकाळी कॉफी ठेवली आणि ओढ्याकडे बघत उभी राहिले. कॉफी उतू गेली. आई पँट धूत होती. तुम्मासची पँट. त्याला नऊ कडवी धरून ठेवलं होतं, वर पहिलं आणखी तीनदा.

देवा, मी काय केलं.

घरात सात महिने तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. आई त्याला आंबवलेलं मटण आणि जाडी भाकरी भरवायची, अंगात ताकद यावी म्हणून, आणि तो दोन घास खाऊन उठायचा. त्याची हाडं दिसत होती. मी म्हणायचे, बसून खातो तरी वाळतो, कामचोराच्या अंगी लागत नाही. असंच म्हणायचे मी. सोळा वर्षांची होते हे खरं. पण नंतर चौतीस वर्षं नर्स होते, तेही खरं. परक्याच्या पोराचं पोट दुखलं तर मी बर्फातून तीन मैल चालत गेले आहे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

१४ नोव्हेंबर

हानुसकडे गेले. तो होडीला डांबर लावत होता.

"तुम्मास आजारी होता, हानुस. त्या नाचाच्या वेळी."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते."

"आता पन्नास वर्षांनी? कडवी तू केलीस बाई, मी नुसतं मनगट धरलं होतं."

"म्हणूनच विचारते. तुझ्या हातात होता तो. काय म्हणत होता?"

हानुसने ब्रश डब्यात ठेवला. 

"'सोड' म्हणत होता," तो म्हणाला. "आधी हळू, मग जोरात. 'सोड, हानुस, देवाशप्पथ सोड.' घामाने मनगट निसटत होतं, म्हणून मी अजून घट्ट धरलं. मला वाटलं लाजतोय. नंतर वास आला. मी कुणाला बोललो नाही, मार्यून. तेवढं तरी केलं मी."

"आणि कडवं म्हणत राहिलास. पन्नास वर्षं."

"तूही म्हणत होतीस."

 पुन्हा ते म्हणायचं नाही एवढं ठरलं. हात मिळवले, त्याचं डांबर माझ्या हाताला लागलं.

१७ नोव्हेंबर

तुम्मासची बायको इंगे दर नाताळला कार्ड पाठवते, त्यावर नंबर असतो. आज फोन केला. इंगेने घेतला. मी कोण ते सांगितल्यावर म्हणाली, "तो तिकडच्या कुणाशी बोलत नाही. तुला माहीत आहे." फार सभ्यपणे म्हणाली. मी तिला मोजणीचं सांगितलं, म्हणजे एवढंच, की मी घरोघरी जाऊन काय विचारते आहे आणि का. मग ती म्हणाली, "पंचविसाव्या वर्षी त्याचं निदान झालं. त्याचं अर्धं आतडं काढलंय. तुम्हाला कुणालाच माहीत नाही?"

आईला माहीत होतं. आईला पत्र आलं होतं, इंगे म्हणाली. आईने ते मला दाखवलं नाही. का, ते मी विचारत बसत नाही. मला ठाऊक आहे: मी त्याचं दहावं कडवं केलं असतं.

२० नोव्हेंबर

पुन्हा फोन. इंगे म्हणाली, झोपलाय. दुपारचे दोन वाजले होते.

रान्वाकडे जाऊन माझा स्वतःचा फॉर्म बदलून घेतला. भावंडं: हो. रान्वाने 'नाही' खोडलं आणि माझ्याकडे कॉफी सरकवली. गुणी आहे.

२४ नोव्हेंबर

पत्र लिहायला बसले. कडवी रचणारीला चार ओळी सुचेनात. फाडलं.

२७ नोव्हेंबर, रविवार

आज त्याने स्वतः फोन केला. नंबर बघून मी विणकाम खाली ठेवलं.

"मार्यून बोलतेय," मी म्हणाले.

"कोण गेलं?" त्याचा आवाज वडिलांचा झालाय. शब्द आमचेच, पण त्यांना डेन्मार्कची हवा लागलेली.

"कुणी गेलं नाही."

"तिकडून फोन येतो तो कुणीतरी गेल्यावरच."

मी सगळं बोलून टाकलं. ओढा, पँट, बिर्गर, हानुसने धरलेलं मनगट, आईच्या जेवणाला तो न थांबल्याचा माझा राग, जो मी सत्तावीस वर्षं जपून ठेवला होता. म्हणाले, "मी तुला फार वाईट वागवलं, तुम्मास. मला माफ कर असं म्हणायचीही लाज वाटते."  

"कडवं चांगलं होतं तुझं," शेवटी तो म्हणाला. "चटकन तोंडात बसायचं. इथे बोटींवर भांडी घासताना मी स्वतः कितीदा गुणगुणलो असेन. पण एक चूक होती त्यात."

"कोणती?"

"जूनमध्ये ग्रीनलंडला रात्र होत नाही. तारे कुठले मोजणार?"

मला हसू आलं आणि त्याबरोबरच रडू. तोही हसला, थोडासा, खोकल्यासारखा.

मग विचारलं, "इंगे म्हणत होती तू मोजतेस. किती निघाले?"

"तिन्ही गावांत मिळून चौदा."

"किती?"

"चौदा. नावं सांगता येत नाहीत मला."

"नावं कोणाला हवीत?" तो म्हणाला. "आपल्या तीन गावांत? चौदा? मार्यून, मामा मला म्हणाला होता, या बेटाच्या इतिहासात असलं पोट कुणाचं झालेलं नाही. अठरा वर्षांचा होतो मी. मी ते खरं मानलं. डॉक्टरांनी नाव सांगितलं तरी मला आतून वाटायचं, तिकडे सगळे धडधाकट, मी एकटाच नासका निपजलो."

"देशभरात शंभरात एक तरी आहे, तुम्मास. त्या नाचात शंभर माणसं होती."

मागे कुठेतरी इंगेने नळ सोडल्याचा आवाज आला.

"नाताळला ये," मी म्हणाले. "मी काही वाढणार नाही. तुला हवं ते तू घे, नको ते नको. मी आग्रह करणार नाही, शप्पथ."

"तू आणि आग्रह नाही?" तो म्हणाला. "येतो असं म्हणत नाही मी. आणि सगळं ठीक झालं असंही म्हणत नाही."

"नको म्हणूस."

"त्या चौदांत मी आहे का?"

खोटं बोलता आलं असतं. "नाही," मी म्हणाले. "तिकडे राहणारे धरायचे नाहीत, असा नियम आहे. कागद गेलासुद्धा राजधानीला, तोर्सहावनला."

"कागदाचं राहू दे. तू काय म्हणतेस?"

"पंधरा."

"ऐकू आलं नाही."

"पंधरा, तुम्मास."

"तेव्हा तुझा आवाज सभागृहाच्या बाहेर जात होता," तो म्हणाला. "मोठ्यानं म्हण."

मी खुर्चीवरून उठले. दार उघडंच होतं, रस्त्यावरून देवळातून परतणारी माणसं चालली होती. मी मोठ्यानं म्हणाले. तो म्हणाला, पुन्हा. पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदा रडतच म्हणाले, आणि रस्त्यावरची माणसं थांबून आत बघायला लागली. मग मी फोन कानाशी धरून उभी राहिले. त्याने फोन ठेवला नव्हता.